पोस्टकार्डाएवढी आई

माझ्या हातून आजवर जे चेहरे निघाले ते मेलेल्या माणसांचे. जिवंत बाईचा एकच काढला. तिच्याबद्दल कुणाशी बोलायला मला जमलेलं नाही, म्हणून लिहिते.

आम्ही कासारवाडीत राहतो, रेल्वे लाइनीच्या बाजूच्या चाळीत. माझे वडील पेंटर होते. टेंपोच्या पाट्या, नंबर प्लेटा, दुकानांचे बोर्ड. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी त्यांच्या रंगाच्या डब्यांजवळ बसू लागले. आधी ब्रश धुवायचे, मग अक्षरांत रंग भरायचे. पोरीने शिडीवर चढून रस्त्यावर बोर्ड रंगवणं त्यांना पटत नव्हतं. चेहरा घरात बसून निघतो, म्हणून त्यांनी मला चेहरे शिकवले. लग्न झाल्यावरही ते काम सुटलं नाही. पिंपरीत एक फोटो फ्रेमचं दुकान आहे, त्या दुकानदाराकडून येतं.

इकडे कंपन्यांत कामाला आलेली माणसं एकेका खोलीत राहतात. भिंतीला कपाट, टीव्ही, देव, कपड्यांच्या खुंट्या. मोठ्या तसबिरीला जागाच नसते. म्हणून पोस्टकार्डाएवढं चित्र, पत्र्याच्या तुकड्यावर, ऑइल पेंटने. आणि पुष्कळांकडे गेलेल्या माणसाचा धड फोटोही नसतो. कंपनीच्या पासावरचा तेवढा असतो. तो मोठा करायला गेलं की नुसते ठिपके होतात, मग ते हाताने काढून मागतात.

पासावरचे चेहरे सगळे एकसारखे. गेटवर उभं करून ‘वर बघा’ म्हणत काढलेले. त्यात माणूस रागात नसतो, आनंदात नसतो. आपल्याला कामावर घेतील का, एवढंच त्याच्या डोळ्यांत असतं. घरचे म्हणतात, हसरा करून द्या. मी आधी करून द्यायचे. एकदा भोसरीच्या जुन्या घरातली एक म्हातारी मुलाचं चित्र न्यायला दुकानात आली. मी तिथेच मागे स्टुलावर बसले होते.

“ह्यो कोण?” म्हातारीने विचारलं.

“तुमचा मुलगा, आजी,” दुकानदार म्हणाला.

“न्हाई. आमचा हसला की डोळं मिटायचा. ह्यो डोळं उघडं ठिवून हसतोय. असा त्यो फकस्त सायबापुढं हसायचा.”

ते चित्र तिने घेतलं नाही. तेव्हापासून मी दुकानदाराला सांगते, भाऊ, घरच्यांना विचारून घ्या, माणूस घरी आल्यावर पहिलं काय करायचा, कुणावर चिडायचा, जेवताना कसा दिसायचा. मला स्वतःला विचारवत नाही. लोकांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण ऐकलं की मला दिसतं. भुवईचं टोक केसाएवढं वर गेलं की माणूस बदलतो. ओठाच्या कडेला ब्रश नुसता टेकला तरी तो खिन्न होतो.

आता ते कामही कमी झालंय. दुकानदाराने मोबाइलवर काहीतरी घेतलंय. फोटो घातला की माणूस हसायला लागतो, दातसुद्धा दिसतात. “ताई, आता गेलेल्यांना मोबाइल हसवतो,” तो म्हणतो, “तुम्ही आराम करा.” वाईट मनाचा नाही तो, पण हे सांगताना त्याला फार गंमत वाटते.

तर शेजारची बाई. ती आणि तिचा नवरा मराठवाड्यातून आलेले. नवरा चाकणला एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. ती दुसऱ्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर, ठेकेदाराकडून लागलेली. त्यांची पोरगी दिवसभर माझ्याकडे असायची. मला मूल नाही, त्यामुळे कुणी वेगळं विचारलंच नाही. पहाटेची बस आली की ती झोपलेलं पोर माझ्या खोलीत आणून ठेवायची आणि जायची.

पोरीला भिंत खायची सवय होती. आमच्या चाळीच्या भिंतींना ओल आहे, चुन्याचे पोपडे सुटतात. ती नखाने पोपडा उचकटायची आणि पटकन तोंडात टाकायची. डॉक्टर म्हणाले अंगात रक्त कमी आहे, लालसर औषध दिलं. औषध चालू होतं आणि भिंतही चालू होती. मी दिवसभर ‘नको गं बाई, नको गं’ करायचे. माझं ती कशाला ऐकते.

आई संध्याकाळी यायची, तिला मात्र उंबऱ्यातूनच कळायचं. ओरडायची नाही. डावी भुवई वर जायची, ओठ आत ओढले जायचे, आणि तळहात पोरीच्या हनुवटीखाली.

“काढ.”

पोरगी हातावर थुंकायची. आई तो पोपडा खिडकीतून बाहेर फेकायची आणि मग तिला कडेवर घ्यायची. पोपडा निघाल्याशिवाय कडेवर नाही, असा त्या दोघींचा कायदाच होता.

पुढे तिचं पोट दुखायला लागलं. कंपनीत गोळ्या खाऊन उभी राहायची. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा गाठ निघाली, आणि ती पसरलेली होती. दवाखान्यातून आली आणि पोर घेऊन सरळ आपल्या खोलीत गेली. पोरीला न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन बसली.

“ताई, तुम्ही माणसं काढता नं?”

“गेलेली,” मी म्हटलं.

“मग मी काय राहणाराय का?”

मी ब्रश पुसत राहिले. वडील सांगायचे, जिवंत माणूस ह्या मापात बसवू नये, त्याचं आयुष्य कमी होतं. हे मला खरं वाटतं की नाही, मी कधी ठरवलेलं नाही. पण केलं नव्हतं.

“लग्नातला फोटो असेल ना तुमचा.”

“हाय की. दाखवलाय तिला. मावशी म्हणती. मेकअप केलेली, मान खाली घातलेली, ती मी पोरीनं कुठं बघितली?” पोरगी तिच्या मांडीवर होती, तिच्या बांगडीशी खेळत होती. “माझी आई मी पाच वरसाची असताना गेली. मला तिचं तोंड आठवत न्हाई, ताई. नुसता पदर आठवतो, हिरवा. हिला तर दोनच वर्षं झालीत. हिला पदरबी आठवायचा न्हाई. मला हसरी काढू नका. रागावते तशी काढा. तेवढ्याच वेळी ती माझ्या तोंडाकडं नीट बघती. एरवी नुसती प्यायला येती.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पत्र्याचा तुकडा घासायला घेतला, ते तिने बघितलं.

ती समोर बसली आणि रागाव म्हटलं की तिला हसू यायचं. “थांबा, ह्यांना आठवते,” म्हणाली आणि नवऱ्यासाठीचं तोंड केलं. मी ब्रश उचलला तर तीच म्हणाली, “नको, हा राग निराळा. हा पोरीनं कशाला बघायचा.” शेवटी आम्ही पोरीला भिंतीजवळ बसवलं. दोघी बायका, लेकराने भिंत खावी म्हणून वाट बघत बसलो. त्या दिवशी पोरगी ढुंकून बघेना. डबे वाजवले, माझी चप्पल पायात घालून फिरली, पडली, उठली.

“आज भिंत कडू लागायली बघा हिला,” आई म्हणाली आणि इतकी हसली की पोट धरून आडवी झाली. मग ते हसणं दुखण्यात गेलं आणि बराच वेळ ती उठली नाही.

पुढच्या दिवसांत मात्र पोरीने नेहमीसारखी भिंत खाल्ली. दर वेळी मला ते तोंड क्षणभर दिसायचं. तेवढ्यात जे घेता येईल ते घ्यायचं आणि उरलेलं उद्यावर. ती भराभर वाळत होती. आज काढलेला गाल चार दिवसांनी खोटा वाटायचा.

“गाल कुठले घेऊ?” मी विचारलं. “आधीचे की आत्ताचे?”

“आत्ताचे.”

“आजारी दिसाल.”

“मग? तिनं हेच बघितलेत.”

ती शेवटची माझ्या खोलीत आली तेव्हा नवऱ्याने उचलून आणून खुर्चीत बसवलं होतं आणि तो कामावर गेला होता. पोरगी भिंतीपाशी होती. तोंड हलायला लागलं. आईची भुवई वर गेली, ओठ आत गेले. हात मात्र हनुवटीपर्यंत गेला नाही. मांडीवरून थोडा उचलला गेला आणि तिथेच थांबला. पोरगी आली, खाली वाकली आणि त्या हातावर थुंकली. मग कडेवर घेण्यासाठी दोन्ही हात वर करून उभी राहिली.

मी त्या वेळी तिच्या तोंडाकडे बघत होते. ते माझं कामच आहे. राग आला की भुवईचं नाकाजवळचं टोक खाली येतं. तिचं ते वर ओढलं गेलं होतं. माणूस घाबरला की तसं होतं. ती पोरीवर रागावली होती आणि घाबरलीही होती, की ह्यापुढे हिच्या तोंडातून कोण काढणार. हे दोन्ही त्या एका भुवईत होतं. मी पोरीला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि मग भुवई काढली, दिसली तशी.

चित्र हातात घेऊन तिने पुष्कळ वेळ बघितलं.

“अशी दिसते मी?”

मी ब्रश घासलेटात बुडवला.

“घाबरलेली दिसायलेय. पण लेकराला ते कळायचं न्हाई. ती नुसता राग वळखील. बरं झालं.” मग म्हणाली, “ताई, उद्या कुणी काही म्हणलं तरी मला हसवू नका.”

मी मान हलवली.

ती गेली तेव्हा पाऊस संपत आला होता. दहाव्याला गावाकडची माणसं आली. सासू आली. खुर्चीवर मोठी फ्रेम ठेवली होती, दुकानदाराकडून आणलेली. लग्नातल्याच फोटोवरून केलेली, पण मान वर, तोंड हसरं. दात एकसारखे, पांढरे. तिचे दात तसे नव्हते, पुढचा एक थोडा आडवा होता. बायका म्हणाल्या, किती गोड दिसतेय.

सासूने पोरीला उचलून फ्रेमसमोर धरलं. “कोण हाय गं ही? आई हाय की नाही? आईला नमस्कार कर.”

पोरगी हाराकडे बघत होती. एक झेंडू ओढला. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, “मावशी.”

बायका डोळे पुसायला लागल्या. मी दाराजवळ बसले होते. चित्र माझ्याजवळ पिशवीत होतं. एवढ्या माणसांत उठून पुढे जाणं माझ्याच्याने होईना, म्हणून मी ते बसल्या जागी काढून मांडीवर उभं धरलं. मोठी माणसं बोलण्यात होती. पोरगी आजीच्या हातातून सुटली, भिंतीशी गेली, आणि माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या तोंडात पोपडा होता.

तिने चित्र बघितलं. तोंड हलायचं थांबलं. जवळ आली आणि खाली वाकून माझ्या मांडीवर, चित्राच्या पुढे, थुंकली. मग दोन्ही हात वर केले आणि उभी राहिली.

 नवरा उठून बाहेर गेला. त्याचे खांदे मला दारातून दिसत होते.

सासू जवळ आली. चित्र बघून एक पाऊल मागे सरली. “हे कुणी काढलं? उचला ते. रागात गेलेली बाई घरात ठेवत्यात का? लेकरू लहान हाय, उद्या ह्याच्यासाठी दुसरी करावी लागंल. ही तिच्या मानगुटीवर बसंल. हसती हाय ती लावा आन हे न्या, बाई. तुमच्या पाया पडते.”

तिचं काही मला लागलं नाही. आमच्याकडेही हे मानतात. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईचा ठसा. सणाला आधी त्या टाकाला हळदकुंकू आणि मग स्वतःला. पहिली शांत राहावी म्हणून. तिथे रागावलेली सवत कुणाला चालणार? पण मला वाटत होतं, ही त्या पोरीची आहे. हे मला म्हणता आलं नाही. मी चित्र पिशवीत ठेवलं आणि पोरीला कडेवर घेतलं, कारण ती अजून हात वर करून उभी होती. दोन दिवसांनी सासू तिला गावी घेऊन गेली. खोली रिकामी झाली. नवरा चाकणकडेच कुठेतरी राहायला गेला.

चित्र मी माझ्या रंगांच्या फळीवर ठेवलं. इतके दिवस काम करताना ती समोर असायची.

पोरगी परत दिसली ती दुसरा पावसाळा उलटल्यावर. एका दुपारी दारात एक अगदी कोवळी बाई उभी होती, हातात पोरीचा हात. पोरगी उंच झाली होती, केस कापलेले. मला तिने ओळखलं नाही. बाईच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात टाक होता. त्यावरून मला कळलं ती कोण.

“काकू, तुमच्याकडं तिचं चित्र हाय म्हणं. ह्यांनी सांगितलं. आता आम्ही सगळी चाकणलाच ऱ्हातो, सासूबाईबी. त्यांना ठाऊक न्हाई मी आलेय.”

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. बाई बोलत राहिली, बहुतेक घाबरल्यामुळे. पोरगी अजून माती खाते, भिंत खाते. पोट सारखं बिघडतं. सासू म्हणते पहिलीचं काहीतरी राहिलंय, तिला शांत कर. “रोज उठून ह्या टाकाच्या पाया पडते मी. पण सोनाराकडं सगळ्या बायांचा एकच ठसा असतो, काकू. नाक डोळे सगळ्यांचे सारखेच. कुणाच्या पाया पडतेय तेच कळत न्हाई. घरात फोटो हाय तो नुसता हसतो. त्याची तर मला जास्त भीती वाटती.”

मी फळीवरून चित्र काढून तिच्या हातात दिलं.

तिने बघितलं आणि टाक मुठीत धरला. “आई गं. किती चिडलीय.” थोड्या वेळाने म्हणाली, “काकू, एवढं हसरं करून द्याल? थोडंसंच. मग मला घरात ठेवता येईल. नाहीतर सासूबाई उंबरा ओलांडू देणार न्हाईत.”

ब्रश शेजारीच होता. केसाएवढं काम. भुवई खाली, ओठाची कड वर. चित्र घरी गेलं असतं, पोरीच्या समोर राहिलं असतं. आणि ते तिच्या आईचं राहिलं नसतं. ती ‘हसवू नका’ म्हणाली तेव्हा मी मान हलवली होती, ते आठवत होतं. पण पोरगी माझ्या खोलीत आली तेव्हापासून मी तिच्याकडेच बघत होते. चित्र तिच्या डोळ्यांसमोर फळीवरून खाली आलं होतं आणि ती नुसती बघत राहिली होती, रस्त्यावरच्या बोर्डाकडे बघतात तशी.

आता ती माझ्या भिंतीजवळ होती. ओल तशीच आहे. नखाने एक पोपडा काढला आणि तोंडात टाकला.

मी चित्र बाईच्या हातातून घेतलं आणि पोरीसमोर धरलं.  पोरगी चघळत चघळत बघत राहिली. थांबली नाही. थुंकली नाही.

आईला वाटलं होतं पदरसुद्धा आठवणार नाही. तसंच झालं होतं. मी चित्र खाली ठेवलं आणि ब्रशाकडे हात नेला. आता हसरी केली काय आणि नाही केली काय.

“ही कोण?” पोरीने विचारलं.

 बाई माझ्याकडे बघत होती, मग चित्राकडे, मग पोरीच्या हलणाऱ्या तोंडाकडे.

“तुझी आई,” ती म्हणाली. “पहिली.”

“का रागावलीय?”

बाईने चित्र पुन्हा उचललं. ह्या वेळी जवळ धरून बघितलं, टाक सोडून दिला. नाकाजवळच्या त्या भुवईच्या टोकावर तिने बोट ठेवलं आणि काढलं.

“तू भिंत खातेस ना,” ती म्हणाली, “म्हणून.”

पोरीने एकदा चित्राकडे बघितलं. मग तोंड बंद केलं. पोपडा गालात तसाच होता, गाल फुगलेला दिसत होता. बाईने तिच्या हनुवटीखाली हात धरला. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. लेकराच्या तोंडातून काही काढायचं तर कुणीही तिथेच हात धरतं. पोरीने पोपडा हातावर टाकला.

“हसरी करू का?” मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा विचारलं.

“नको,” बाई म्हणाली. “मी बघते कुठं ठेवायचं ते.”

तिने चित्र पोरीच्या जास्तीच्या फ्रॉकमध्ये गुंडाळलं आणि पिशवीत अगदी खाली ठेवलं, वर येताना घेतलेली भाजी. सासूपुढे ते किती दिवस टिकेल मला माहीत नाही. त्या निघाल्या तेव्हा मी दारात उभी राहिले. जिन्यावरून पोरीचा आवाज येत होता.

“ती पिशवीतून बघती का?”

“बघती.”

“आत्ता?”

“आत्ता बी. आ कर, दाखव तिला.”